गणवेश, आणि एक ओला शर्ट

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. लेकीच्या शाळेने युनिफॉर्मचे साडेसहा हजार घेतले, ते पण एकाच दुकानातून घ्यायचे म्हणून सांगितलं, आणि तू चिडून लिहिलंस की युनिफॉर्म ही भानगडच बंद करून टाकली पाहिजे. फोन करणार होतो पण वाडीत रेंज नाही आणि विषय दोन मिनिटांत उरकणारा नाही, म्हणून बसलो लिहायला.

तुझा राग बरोबर आहे. ठराविक दुकानाची सक्ती करू नये असे सरकारी आदेश आहेत, तुम्ही पालकांनी मिळून शाळेला लेखी विचारा. पण दुकानदारीचा राग गणवेशावर काढू नकोस रे.

माझ्या वर्गात चोवीस पोरं. वाढदिवसाला रंगीत कपडे चालतात, तरी निम्मी पोरं त्या दिवशी पण गणवेशातच येतात, कारण घरात धड कपडा तेवढाच असतो. गावात लग्न असलं की तोच शर्ट घालून पंगतीला बसतात. गणवेश बंद केला तर ही पोरं रोज काय घालून येतील, सांग मला. चप्पल नि दप्तर बघून कोण कुठल्या घरचं हे पोरांना कळतंच, ते मी नाकारत नाही, पण सकाळी उठून आज काय घालू ही लाज तरी वाचते.

आता माझी चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला जुलैमध्ये एक पोरगा घरच्या बनियनवर आला, मी त्याला प्रार्थनेच्या वेळी रांगेबाहेर उभं केलं. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी गणवेशात आला, मी पाठीवर हात ठेवला तर शर्ट ओलागार, आणि चुलीच्या धुराचा वास. आईने रात्री धुवून चुलीवर धरला होता, कोकणातल्या पावसात वाळणार कसा, एकच तर होता. दिवसभर अंगावरच वाळवला त्याने. तेव्हापासून मी कुणालाही कपड्यावरून बाहेर काढलेलं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मारण्यासोबत मानसिक छळालाही बंदी आहे, ते मी नंतर नीट वाचलं.

म्हणून मला दोन सेटचं एवढं वाटतं. आमच्यासारख्या सरकारी शाळांसाठी असलेल्या समग्र शिक्षा योजनेत पहिली ते आठवीला सेटमागे ३०० रुपये धरून वर्षाला दोन सेट मिळतात. आधी सगळ्या मुलींना, पण मुलग्यांत फक्त अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना. एकाच घरात बहिणीला नवा आणि भावाला नाही असं व्हायचं, कसं समजावायचं त्याला? २०२३-२४ पासून राज्याने उरलेल्या मुलग्यांनाही दिला, हे फार चांगलं झालं. मग २०२४-२५ ला 'एक राज्य एक गणवेश' योजना आली, कापड वरून सरकारकडून येणार, शिलाई बचत गटांकडे. बायकांना काम मिळणार ही कल्पना चांगलीच होती, पण राज्यात कितीतरी शाळांचा १५ ऑगस्ट नव्या गणवेशाशिवाय गेला. त्यातही एक सेट रोजचा आणि दुसरा स्काउट-गाइडचा, म्हणजे ऐन पावसात रोजचा शर्ट पुन्हा एकच! शेवटी २०२५-२६ पासून खरेदी परत शाळा व्यवस्थापन समितीकडे, म्हणजे शाळेतल्याच पालक-शिक्षकांच्या समितीकडे आली. मला हेच पटतं, गावातला टेलर पोराचं माप घेतो, बाही आखूड झाली तर त्याच्याच दारात जाता येतं.

माझं म्हणणं एवढंच, सक्ती करायचीच तर देणाऱ्यावर करा, जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही सेट पोराच्या हातात पडले पाहिजेत अशी. तुमच्याकडे पण तेच, साधं कापड आणि रंग ठरवा, बाकी कुठून घ्यायचं ते पालक बघतील.

गणपतीला येशीलच. शाळेच्या कपाटात शाळा सोडून गेलेल्या पोरांचे सहा शर्ट धुवून ठेवलेत, अडीअडचणीला उपयोगी पडतात, पण चारांची बटणं गेलीत. येताना पांढऱ्या बटणांची दोन पाकिटं तेवढी आण, इथे बाजारात धड मिळत नाहीत. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझाच,
मास्तर