समासातल्या दोन शब्दांसाठी

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानले तर ‘पुरे रे’ म्हणून तुम्ही विषय बदलाल, म्हणून चारचौघांदेखत लिहितोय.

निबंधाच्या पहिल्या खर्ड्यात मी मोठ्या झोकात लिहिलं होतं, की अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रामोस निकालामुळे (गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवायला ज्युरीचं एकमत हवंच, असा तो निकाल) लुइझियाना आणि ओरेगनमध्ये ज्युरीचं एकमत नसताना दोषी ठरलेल्या सगळ्यांचे खटले नव्याने चालतील. तुम्ही समासात दोनच शब्द लिहिलेत, ‘तारीख बघ’. मी निकालाची तारीख पुन्हा तपासली. ती बरोबर होती. तुम्ही विचारत होतात कैद्याचं अपील संपल्याची तारीख.

मग तासभर समजावलंत. दोन कैदी घे म्हणालात, दोघंही १० विरुद्ध २ मतांनी दोषी ठरलेले. रामोस निकालाच्या दिवशी एकाचं अपील अजून प्रलंबित होतं. १९८७ च्या ग्रिफिथ निकालामुळे त्याला नव्या हक्काचा आधार घेता येतो. दुसऱ्याचं अपील केव्हाच निकाली निघालेलं. त्याला १९८९ चा टीग निकाल आडवा येतो : शिक्षा एकदा अंतिम झाली की कार्यपद्धतीचा नवा नियम तिला लागू नाही. अगदी पायाभूत नियमांसाठी तेवढी एक फट ठेवली होती. तिच्यातून एकही नियम कधी आत गेला नाही आणि २०२१ मध्ये रामोसच्याच नियमावरून उभ्या राहिलेल्या एडवर्ड्स खटल्यात ती फटही ६ विरुद्ध ३ मतांनी बुजवली. एकमताच्या हक्काचा फैसला बहुमताने! तुम्ही हसलात, मला काही हसू आलं नाही.

हेन्री माँटगोमेरी या कैद्याची गोष्टही तुमच्यामुळेच कळली. १९६३ मधला गुन्हा, तेव्हा वय १७. अल्पवयीनांना सक्तीने पॅरोलविना जन्मठेप देता येणार नाही, हा २०१२ चा नियम सारभूत ठरला, म्हणजे नुसत्या कार्यपद्धतीचा नव्हे तर शिक्षेवरच मर्यादा घालणारा, म्हणून २०१६ मध्ये तो जुन्या शिक्षांनाही लागू झाला. तरी पॅरोल दोनदा नाकारला गेला. तो सुटला २०२१ मध्ये, पंचाहत्तरीत. हे ऐकल्यावर माझं ते झोकदार वाक्य मीच खोडलं.

सुधारलेला खर्डा सोबत पाठवतोय. २०२२ मध्ये ओरेगनच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या राज्यापुरता रामोसचा लाभ जुन्या कैद्यांनाही दिला आणि लुइझियानाच्या न्यायालयाने नाकारला, हा परिच्छेद अजून कच्चा आहे. पेन्सिल घेऊनच वाचा.

तुमचा,
तारखा बघायला शिकलेला विद्यार्थी