कडू घास

स्टुटगार्ट, १७ जानेवारी

ती. आई आणि बाबा,
सा. न.

फोनवर जमत नाही म्हणून लिहितेय. आई "जेवलीस का?" विचारते, मी "हो" म्हणते, आणि मग तिघंही गप्प.

आजी गेली तेव्हा तिकडे सकाळचे ८, इथे पहाटेचे साडेतीन. दुपारी दादानं व्हिडिओ कॉल लावला खरा, पण स्मशानात रेंज गेली आणि चित्र अडकलं ते बाबांच्या खांद्यावरच्या मडक्यावर.

मी त्या दिवशी कामावर गेले. (का, ते विचारू नका.) संध्याकाळी कोटही न काढता पिठलं टाकलं. भूक नव्हती. १९९६ साली आबा गेले तेव्हाचं आठवत होतं. आपली चूल बंद, शेजारच्या काकूंनी टोपलीभर भाकरी आणि पातेलंभर पिठलं आणलेलं. सगळे रडत होते आणि आठ वर्षांच्या मी अडीच भाकरी खाल्ल्या. त्याची लाज अजून गेलेली नाही. आजीनं पाहिलं. स्वतः घास न घेता माझ्या ताटात आणखी पिठलं वाढलं. "कडू घास हाय, खाऊन घे."

इथे बेसन होतं, ज्वारीचं पीठ नव्हतं. आई, तू आधणात पीठ हळूहळू वैरतेस आणि हाटत राहतेस. मी एकदम ओतलं. गुठळ्याच गुठळ्या. लसूणही करपला. ब्रेडबरोबर उभ्यानंच खाल्लं. तीन दिवस रोज तेच केलं. तिसऱ्या दिवशी चव अगदी तुझ्यासारखी आली, तरी घास उतरेना. मग उमगलं, कडू घास घरच्यांनी शिजवायचाच नसतो. भावकीनं नाहीतर शेजाऱ्यांनी आणायचा, बळंबळं वाढायचा. आपणच हाटलं, आपणच वाढून घेतलं, की ते नुसतं पिठलं.

दादा म्हणाला, बाबा ताटावरून अर्धवट उठतात.

बाबा, तेराव्याला मी पोचत नाही, तिकीट २९ तारखेचं मिळालंय. आल्यावर पिठलं मी करणार. लग्न झालेली लेक परक्या घरची, असं आत्या म्हणते ना? मग माझ्या हातचं चालायलाच हवं. मी वाढेन, तुम्ही "पुरे" म्हणायचं नाही.

आई, ज्वारी आदल्या दिवशीच दळून आण. विरी गेलेल्या पिठाच्या भाकरी मला थापता येत नाहीत.

तुमची,
छकू