बाथरूम फोडण्याआधी

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

खालच्या काकूंच्या छताला ओल आली आणि ठेकेदाराने आपलं बाहेरचं बाथरूम पूर्ण फोडायला सांगितलं, हे फोनवर कळलं. त्याला इतक्यात होकार देऊ नका. पाणी नेमकं कुठून उतरतंय हे कळल्याशिवाय एकही फरशी निघता कामा नये. एवढी फोडाफोड, तीन जिने राडारोडा उतरवण्याची मजुरी, घरभर धूळ, आणि एवढं होऊनही गळती बाहेरच्या सामायिक पाइपाची निघाली तर ओल तिथेच राहील. शिवाय बाहेरच्या पाइपाची दुरुस्ती सोसायटीच्या उपविधींप्रमाणे सोसायटीने करायची असते. संडास-बाथरूमच्या आतली गळती तेवढी आपली.

सुरुवात पेन्सिलीने करा. काकूंच्या मुलाला सांगून छतावरच्या ओलीच्या कडेने रेघ मारून घ्या आणि शेजारी तारीख लिहा. बाबा, स्टुलावर तुम्ही चढायचं नाही. मग आपलं बाहेरचं बाथरूम दोन दिवस कोरडं ठेवा, पण त्याचा व्हॉल्व्ह चालू राहू द्या. वापर बंद असतानाही ओल रेघेबाहेर सरकली किंवा थेंब पडत राहिले, तर संशय भिंतीतल्या नळाच्या लाइनवर, कारण तिच्यात चोवीस तास पाण्याचा दाब असतो. तीस वर्षांपूर्वीच्या इमारतींत बहुतेक जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आहेत आणि ते आतून गंजतात. प्लंबरला हातपंप लावून प्रेशर टेस्ट करायला सांगा. पंपावरचा काटा खाली येत गेला की लाइन फुटलेली आहे हे नक्की. तसं निघालं तरी भिंत फोडत गळती शोधू नका. जुनी लाइन बंद करून भिंतीवरून सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिक पाइपाची, नवी लाइन घ्या. दिसायला थोडी उघडी राहते, पण काम दिवसाभरात होतं आणि पुढे कधी गळली तर डोळ्यांसमोर गळते. गरम पाण्याच्या लाइनला पांढरा यूपीव्हीसी पाइप लावू देऊ नका, तो उष्णतेने मऊ पडून वाकतो. सीपीव्हीसी ९० अंशांच्या आसपासचं तापमान सोसतो.

दोन दिवसांत काहीच वाढलं नाही, तर नहाणी, म्हणजे फरशीतलं पाणी निघून जाण्याचं तोंड, तपासायची. जुनं फडकं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून नहाणीच्या तोंडात घट्ट कोंबा, उंबऱ्याच्या खाली राहील असं इंचभर पाणी साठवा, पातळीवर पेन्सिलीची खूण करा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी पाणी खुणेच्या बरंच खाली गेलेलं असेल, तर ते फरशीच्या सांध्यांतून मुरतंय. पातळी जागेवर असेल आणि फडकं काढून पाणी सोडल्यावर खाली थेंब सुरू झाले, तर दोष नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जाळीखालच्या भांड्याच्या, जोडात. तेव्हा फक्त नहाणीभोवतीची फूट-दीड फूट जागा उघडून ट्रॅप बदलायचा. उरलेल्या बाथरूमला हात लावायची गरज नाही.

माझा अंदाज सांध्यांवर आहे. आई, फरशी पांढरीशुभ्र व्हावी म्हणून दर महिन्याला ॲसिडने धुतली जाते ना, तेच मुळावर येतं. सांध्यांत पांढरं सिमेंट असतं आणि ॲसिड ते विरघळवतं. फरशी चकचकीत दिसते, पण सांधे पोकळ होत जातात आणि प्रत्येक आंघोळीला पाणी खाली झिरपतं. नखाने सांधा खरवडून बघ. भुगा निघाला किंवा नख आत गेलं, तर भरण संपलेलं आहे.

तिथे पुन्हा पांढरं सिमेंट भरून उपयोग नाही, इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांधे भरायचं राळेचं मिश्रण, भरा. आपली फरशी ५ बाय ७ फूट, फुटाफुटाच्या ३५ फरश्या, म्हणजे साधारण ५८ फूट लांबीचे सांधे होतात. भिंत आणि फरशी मिळते तो कोपरा धरूनही १ किलोचं पाकीट पुरतं. ४-५ किलोचा हिशोब कोणी दाखवला तर मापं विचारा. कारागिराकडून तीन गोष्टी डोळ्यांसमोर करून घ्या. जुना सांधा किमान ३ मिलिमीटर खोल खरवडून काढायचा, कारण वरून नुसतं थापलेलं ग्राउट महिन्याभरात पापडासारखं सुटतं. खरवडल्यावर पंखा लावून फरशी दोन दिवस वाळवायची. ओलीत इपॉक्सी धरत नाही. आणि मिश्रण थोडं थोडं कालवायचं, प्रमाण पाकिटावरचंच ठेवून. उन्हाळ्यात ते अर्ध्या-पाऊण तासात घट्ट होतं, आणि फरशीवरचा चिकट थर ओल्या स्पंजने लगेच पुसला नाही तर कायमचा राहतो. नंतर २४ तास पाणी सोडायचं नाही. तेवढे दिवस आतलं बाथरूम वापरा.

ग्राउट भरण्याआधी, कारागीर आलेलाच आहे तर, बाबांसाठी आधाराचे दोन दांडे बसवून घ्या. हे काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दांडे ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे, दीड फुटी घ्या. रबरी कपाने चिकटणारे नकोत; साबणाच्या पाण्याने त्यांची पकड कधी सुटेल सांगता येत नाही. उंची पुस्तकी नको. बाबा, कमोडवर बसा, उठताना हात आपोआप जिथे टेकतो तिथे खूण करा. बहुधा जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांत येईल. दुसरा दांडा आंघोळीच्या स्टुलाशेजारी. दांड्याबरोबर येणारे स्क्रू बहुतेक वेळा आखूड असतात. फरशी आणि मागचा माल मिळून जवळपास इंचभर जाडी होते, म्हणजे इंचाचा स्क्रू विटेपर्यंत पोहोचतच नाही. अडीच इंची स्टीलचे स्क्रू आणि ८ मिलिमीटरचे रावल प्लग वेगळे आणा. भोक पाडायच्या जागी नाण्याने ठोकून बघा. ढब आवाज आला तर फरशी मागून पोकळ आहे, जागा बदला. नळाच्या किंवा गिझरच्या सरळ रेषेत वर-खाली भोक नकोच, तिथून पाइप गेलेला असतो. फरशी भेदेपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा, नाहीतर तडा जातो. भोकात सिलिकॉन भरून मग स्क्रू पिळायचा, म्हणजे तिथून पाणी मुरत नाही. कारागिरालाच दांड्याला पूर्ण वजनाने लोंबकळायला लावा. हलला तर पैसे द्यायचे नाहीत.

गिझरचा प्लग काढून त्याच्या पिना बघा. पिवळा-काळा डाग किंवा वितळल्याची खूण असेल तर सॉकेट सैल आहे. आपला १५ लिटरचा गिझर २००० वॅटचा, म्हणजे पावणेनऊ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचंच सॉकेट लागतं. मीटरजवळच्या बोर्डात नुसते एमसीबी आहेत. ते शॉर्टसर्किट आणि जादा भार तोडतात, माणसाला बसणाऱ्या शॉकसाठी ते नाहीत. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. पुण्याच्या तपकीर गल्लीत आयएसआय मार्कचा मिळेल, इथे पैसा वाचवू नका. बसवल्यावर तो सारखा पडू लागला तर इलेक्ट्रिशियन 'बायपास करून देतो' म्हणेल. करू देऊ नका. बहुतेक वेळा इन्व्हर्टरचा न्यूट्रल घराच्या न्यूट्रलला जोडलेला असतो किंवा एखादी वायर ओलीत असते. ते शोधणं हेच त्याचं काम. महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबायचं, घरची लाइट गेली पाहिजे. तो बसेपर्यंत गिझर बंद करूनच आंघोळ करा.

फ्लशच्या टाकीत नीळ टाकून अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात निळं पाणी आलं तर आतला वायसर गेलाय. आणि शेगडीची नारिंगी नळी उलटून तिच्यावर छापलेलं वर्ष बघा, पाच वर्षं झाली की बदलायची.

काम रोजावर देऊ नका, उक्तं द्या. सामान तुम्ही आणा, मजुरी वेगळी ठरवा, आणि शेवटचा हप्ता नहाणीची रात्रभराची परीक्षा पुन्हा घेतल्यावर, रेघेकडे बघून द्या.

रविवारी संध्याकाळी फोन करते. तोपर्यंत छतावरची रेघ मारून झाली असेल तर तिचा फोटो पाठवा.

तुमची,
मुक्ता