आठ-आठ नमुने पुरतात; चाचणीसाठी मात्र चारशे नोंदी बाजूला ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी मजकुरावर संगणकाकडून काही काम करून घ्यायचे म्हटले की ‘पण मराठीत डेटा कुठे आहे?’ हा प्रश्न सर्वांत आधी येतो आणि बहुतेक वेळा चर्चा तिथेच संपते. नागरिकांच्या तक्रारी वाचून त्या योग्य विभागाकडे वळत्या करणे, अशा कामांना हा प्रश्न आता लागू नाही. विभागागणिक आठ ते सोळा नमुने हाती असले तरी वर्गीकरणाचे मॉडेल उभे राहते. नंतर ते कोसळते त्याची कारणे बहुधा वेगळी असतात: नियम न ठरवता लावलेली लेबले (म्हणजे तक्रार कुठल्या विभागाची, याच्या खुणा), देवनागरीची मोडतोड करणारी साधने आणि पन्नास नोंदींवर उरकलेली चाचणी. महापालिका किंवा नगरपालिका असे काम बाहेरून करून घेते तेव्हा या तीन गोष्टी कुणीतरी विचारायलाच हव्यात, म्हणून हे पत्र.

नमुने थोडे का चालतात, हे आधी सांगायला हवे. २०१८ मध्ये गूगलचे बर्ट हे भाषेचे मॉडेल आले तेव्हापासून पद्धत अशी आहे की मॉडेल आधी प्रचंड मजकूर वाचून भाषा शिकते आणि विशिष्ट काम त्याला नंतर शिकवले जाते. मराठीसाठी गूगलचे म्युरिल आहे, पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने खुले केलेले महाबर्ट आहे आणि त्याच गटाचे, वाक्यांची तुलना करण्यासाठी घडवलेले महाएसबर्ट आहे. महाएसबर्टला एक वाक्य दिले की ते ७६८ आकड्यांची एक ओळ परत देते. ‘नळाला पाणी नाही’ आणि ‘टँकर आला नाही’ या दोन वाक्यांत सामाईक शब्द एकच, तोही ‘नाही’. तरी त्यांच्या ओळी एकमेकींच्या जवळ पडतात. म्हणजे भाषा शिकवून झालेली असते. उरते ते एवढेच, की आपल्या कार्यालयात कुठल्या तक्रारीला काय म्हणतात.

ते शिकवण्याची एक सोपी रीत म्हणजे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली सेटफिट. समजा विभाग आठ आहेत: पाणीपुरवठा, मलनिःसारण, घनकचरा, पथ, विद्युत, उद्यान, अतिक्रमण आणि आरोग्य. प्रत्येकाचे आठ नमुने, म्हणजे एकूण ६४. या ६४ नोंदींच्या २०१६ जोड्या होतात. त्यांतल्या २२४ जोड्या एकाच विभागातल्या आणि १७९२ वेगवेगळ्या विभागांतल्या. एकाच विभागातली दोन वाक्ये जवळ ओढायची आणि वेगळ्या विभागांतली लांब ढकलायची, असा सराव वाक्यांच्या मॉडेलला दिला जातो. एका विभागातल्या जोड्या कमी असल्याने त्या पुन्हा पुन्हा दाखवून समतोल साधतात. त्यानंतर त्या ७६८ आकड्यांवर साधे लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे आकड्यांवरून विभाग ठरवणारे संख्याशास्त्रातले सूत्र, बसवायचे. एका वेळी १६ जोड्यांची बॅच, शिकण्याचा वेग ०.००००२ आणि जोड्यांवरून एकच फेरी, एवढ्यावर सुरुवात करावी. फेऱ्या वाढवल्या की ६४ नमुने तोंडपाठ होतात आणि नवी तक्रार आली की मॉडेल चुकीचे उत्तरही ठामपणे देते. इंटरनेटवर मोफत वापरायला मिळणाऱ्या ग्राफिक्स कार्डावर हे काम काही मिनिटांत उरकते.

सेटफिटची जाहिरात होताना एक आकडा हमखास पुढे केला जातो: वर्गामागे फक्त आठ नमुने घेऊन तिने तीन हजार नमुन्यांवर शिकवलेल्या मोठ्या मॉडेलशी बरोबरी केली. आकडा खरा आहे. पण तो इंग्रजी ग्राहक-अभिप्रायांचा आहे आणि तिथे वर्ग दोनच होते, चांगला आणि वाईट. आठ विभागांच्या मराठी तक्रारींना तो जसाच्या तसा लावू नये.

आता देवनागरीकडे. हा भाग थोडा सविस्तर लिहितो, कारण इथे होणारे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. शब्द मोजून वर्गीकरण करणारी जुनी, साधी पद्धत तुलनेसाठी आधी चालवून पाहावी असे सगळेच सांगतात आणि ते योग्यच आहे. त्यासाठी बहुतेक जण पायथन या संगणकीय भाषेतले सायकिट-लर्न हे साधन वापरतात. त्यातला मूळ नियम असा, की सलग दोन किंवा अधिक ‘अक्षरे’ म्हणजे एक शब्द. पण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांना तो नियम अक्षरात धरत नाही. तिथे शब्द तुटतो. ‘पाणी’ या शब्दाचे मग ‘प’ आणि ‘ण’ असे दोन सुटे तुकडे होतात आणि दोन्ही एकेकटे असल्यामुळे टाकून दिले जातात. पाणी हा शब्द यादीतून पूर्ण गायब. ‘वीज’सुद्धा गायब. ‘गटार’चे ‘गट’ उरते, ‘रस्ता’चे ‘रस’, ‘मलनिःसारण’चे ‘मलन’ आणि ‘रण’. प्रोग्रॅम कुठेही अडत नाही, लाल अक्षरांत चूक दाखवत नाही, शेवटी टक्केवारीही छापतो. मग निष्कर्ष निघतो की मराठीवर साध्या पद्धती चालत नाहीत!

उपाय एका ओळीचा आहे. शब्दांऐवजी शब्दाच्या आतले दोन ते पाच चिन्हांचे तुकडे मोजायला सांगायचे. याचा दुसरा फायदा विभक्तीमुळे होतो. पाणी, पाण्याचा, पाण्यात, पाण्यासाठी हे मोजणाऱ्याच्या दृष्टीने चार वेगळे शब्द आहेत. आठ नमुन्यांत चौघांची भेट होणेही कठीण. तुकडे मोजले की ‘पाण’ चौघांतही सापडते.

मोठ्या मॉडेलांमध्येही हीच जात असलेला सापळा आहे. बहुभाषिक बर्टच्या दोन आवृत्त्या मिळतात. इंग्रजी लहान-मोठ्या लिपीतला फरक पुसणारी जी आवृत्ती आहे, ती युरोपीय भाषांमधली स्वरचिन्हे काढण्याच्या ओघात आपले उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्तही काढून टाकते. तिच्यात ‘पुणे’ जाते आणि ‘पण’ बाहेर येते; ‘मुंबई’चे ‘मबई’ होते; ‘मूल’, ‘मेल’ आणि ‘मल’ हे तिन्ही ‘मल’. मराठीसाठी ती आवृत्ती घेऊच नये. कुठलेही मॉडेल निवडण्याआधी ‘पाणी’, ‘गटार’, ‘पुणे’, ‘कचऱ्याचा’ हे चार शब्द त्याच्या तोडणीयंत्रात (शब्दांचे तुकडे करणाऱ्या टोकनायझरमध्ये) घालून बाहेर आलेले तुकडे छापून पाहावेत. दोन मिनिटांचे काम आहे.

‘कचऱ्याचा’ मुद्दाम घेतला आहे. ‘ऱ्य’ टंकण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. एकीत स्वतंत्र ‘ऱ’ आणि हलन्त असतो. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि मागे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. युनिकोडच्या नेहमीच्या प्रमाणीकरणाने हे एक होत नाहीत. बदलाचा नियम स्वतः लिहावा लागतो. जुन्या कार्यालयीन फायली युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये आणाव्यात. आणि रोमन लिपीत टंकलेल्या मराठी तक्रारी मोबाइलवरून येणारच. त्या सगळ्या जर एकाच विभागाच्या नमुन्यांत पडल्या, तर ‘रोमन लिपी म्हणजे हा विभाग’ असे मॉडेल शिकते. प्रत्येक विभागात दोन-तीन रोमन नमुने ठेवले की हे टळते.

लेबलांचे काम मात्र संगणकाचे नाही. ‘नळाला गटाराचं पाणी येतंय’ ही तक्रार पाणीपुरवठ्याची की मलनिःसारणाची? ‘पाइप फुटून रस्त्याला खड्डा पडलाय’, ‘झाडाची फांदी पथदिव्याच्या तारेवर आलीय’, ‘चेंबरचं झाकण नाही, त्यात कचरा टाकतात’ अशा तक्रारी रोजच्या आहेत. आधी कुणाची माणसे जागेवर जायला हवीत, या एका कसोटीवर नियम ठरवून ते एका पानावर लिहून काढावेत. हे पान वॉर्ड ऑफिसात तक्रारी घेणाऱ्या कर्मचाऱ्यांकडूनच लिहून घ्यावे, कारण फाइल कुठे अडकते ते त्यांनाच ठाऊक असते. मग दोघांनी एकमेकांचे न पाहता त्याच १०० तक्रारींना लेबल लावावे. ८५ जुळल्या आणि निव्वळ योगायोगाने २५ जुळल्या असत्या, तर उरलेल्या ७५ पैकी ६० खऱ्या अर्थाने जुळल्या, म्हणजे ०.८. या मापाला कॅपा (kappa) म्हणतात. ०.८ वर समाधान मानायला हरकत नाही. ०.६ च्या खाली आले तर नमुने वाढवण्यात अर्थ नाही. नियमांचे पान पुन्हा लिहावे. दोन माणसांचे जिथे एकमत नाही तिथे मॉडेल कुणाचे ऐकणार?

नमुने फाइलच्या वरून सलग उचलू नयेत. जुलैतल्या एका आठवड्याच्या नोंदी उचलल्या की पथ विभागाचे आठही नमुने खड्ड्यांचेच निघतात आणि गतिरोधक, पदपथ, दुभाजक यांचे नावही नसते. तक्रारींचे आधी संगणकाकडून सारख्या मजकुराचे आठ-दहा पुंजके करून घ्यावेत आणि प्रत्येक पुंजक्याच्या मध्याजवळची नोंद उचलावी. त्याआधी जुळ्या नोंदी काढाव्यात. एकाच सोसायटीतून तोच मजकूर वीस वेळा आलेला असतो. त्यातली एक नोंद सरावात आणि एक चाचणीत गेली की गुण फुकटात वाढतात. तक्रारदाराचे नाव, मोबाइल क्रमांक आणि सदनिका क्रमांकही लेबल लावण्याआधीच पुसावेत. नागरिकाचा खासगीपणा हे मुख्य कारण आहेच, शिवाय ‘बी-४०२’ एवढे जरी राहिले तरी ‘बी-४०२ म्हणजे पाणी’ असे मॉडेल शिकून बसते.

चाचणीबद्दल आमचा आग्रह सर्वांत जास्त आहे. ५० नोंदींत ४५ बरोबर आल्या की ‘९० टक्के अचूक’ असे सादरीकरणात लिहिले जाते. एवढ्या छोट्या चाचणीवर खरा आकडा ७९ ते ९६ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. ४०० नोंदींवर ९० टक्के आले तर तो पट्टा साधारण ८७ ते ९३ असा आवळतो. या ४०० नोंदी पुंजक्यांवरून नाही, तर सरळ चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात, म्हणजे प्रत्यक्षात तक्रारी ज्या प्रमाणात येतात ते प्रमाण राहते. उद्यान विभागाच्या तक्रारी दोन टक्केच असतील तर ४०० मध्ये त्या जेमतेम आठ येतील. अशा विभागांच्या निदान ३० नोंदी वेगळ्या जमवून त्यांचे गुण वेगळे मोजावेत. आणि सरासरी अचूकतेवर विसंबू नये. साठ टक्के तक्रारी रस्त्यांच्या असतील, तर डोळे मिटून प्रत्येक तक्रारीला ‘पथ विभाग’ म्हणणारे यंत्रही ६० टक्के मिळवते. आठही विभागांना समान वजन देणाऱ्या मॅक्रो एफ-वन या मापाने त्याच यंत्राला ०.०९ मिळतात.

नमुने आठच असतात तेव्हा कोणते आठ निवडले यावरच निकाल वर-खाली होतो. म्हणून दहा वेगवेगळ्या निवडी करून दहा वेळा मॉडेल शिकवावे आणि सरासरीसोबत सर्वांत वाईट निकालही द्यावा. एकच आकडा दाखवला जात असेल तर तो दहांतला कितवा, हे विचारावे.

‘इतर’ नावाचा वर्ग करून त्यालाही आठ नमुने देणे ही आणखी एक नेहमीची चूक. ‘इतर’ ही एक गोष्ट नसते. शाळेची फी, जन्मदाखला आणि शेजाऱ्यांचे भांडण यांत शिकण्यासारखे साम्य काय? त्यापेक्षा मॉडेलची खात्री ठरावीक मर्यादेखाली असेल ती तक्रार माणसाकडे पाठवावी. ही मर्यादा चाचणीच्या ४०० नोंदींवर ठरवायची नाही. त्यासाठी १०० नोंदी वेगळ्या ठेवायच्या. सरावात सगळे विभाग समसमान दाखवलेले असल्यामुळे मॉडेल क्वचित येणाऱ्या विभागांची नावे गरजेपेक्षा जास्त घेते. ती दुरुस्तीही याच १०० नोंदींवर करावी. पुढच्या फेरीत नमुने वाढवायचे झाले तर मॉडेल सर्वांत गोंधळलेले असते त्या ५० नोंदी निवडून त्यांना लेबल लावावे. वाटेल त्या ५० घेण्यापेक्षा यातून बहुधा जास्त मिळते. मोठ्या संवादी मॉडेलांकडून कच्ची लेबले लावून घेऊन ती माणसाने तपासणे हाही मार्ग आहे, मात्र चाचणीच्या नोंदींना ती लावू नयेत.

हिशेब मांडून पाहा: सरावाच्या ६४, मर्यादेसाठी १०० आणि चाचणीच्या ४०० मिळून ५६४ नोंदी. एका नोंदीला अर्धा मिनिट धरला तर एका माणसाचे पावणेपाच तासांहून थोडे कमी काम. हे काम पालिकेच्या कर्मचाऱ्यांनीच करावे. निविदेत अट असावी की चाचणीच्या ४०० नोंदी ठेकेदाराला निकाल लागेपर्यंत मिळणार नाहीत, प्रत्येक विभागाचे गुण वेगळे द्यावे लागतील आणि दहा निवडींतला सर्वांत वाईट आकडा लेखी द्यावा लागेल. पावसाळा सुरू झाला की तक्रारींची भाषाच बदलते, पाणी तुंबण्याच्या आणि डासांच्या तक्रारी वाढतात. म्हणून जूनअखेर १०० ताज्या नोंदींवर तीच चाचणी पुन्हा घ्यावी आणि तिचा खर्च मूळ निविदेतच धरावा.

आपले,
मराठी भाषातंत्रज्ञानात काम करणारे काही वाचक