बाबा, तुमच्याच खात्याचं जहाज

फेअरबँक्स, अलास्का
18 जानेवारी

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथे अगदी खुशाल आहे. खोकला गेला. परवा व्हिडिओवर बारीक दिसले ती कोट काढून बसले होते म्हणून, वजन आहे तेवढंच आहे. जेवणखाण, खोली, भाडं हे सगळं आईला दर रविवारी सांगतेच, ते पुन्हा लिहीत बसत नाही. हे पत्र मुद्दाम बाबांसाठी आहे. आई, तू त्यांना वाचून दाखवू नकोस, त्यांचं त्यांना वाचू दे.

बाबा, फोनवर तुम्हाला माझं नीट ऐकू येत नाही हे मला कळतं. तुम्ही "हो हो, जप जिवाला" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. दिवाळीत तुम्ही विचारलंत, "तू तिथे नक्की करतेस तरी काय?" मी ओरडून ओरडून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी मावशीचा मेसेज आला, की पोरीला अस्वलांच्या कामावर कशाला ठेवलंय! तर आधी ते सांगते. अस्वल नाही, 'बेअर' नावाचं जहाज आहे, तेही बुडालेलं. मी त्याच्या नोंदवह्या वाचते, गरम खोलीत, संगणकासमोर बसून.

आणि थंडीचंही एकदाच सांगून टाकते. काल उणे 40 होतं. पण घरं, दुकानं, बस सगळीकडे हीटर असतो, मी बाहेर असते ती दिवसाला दहा-पंधरा मिनिटं. आईला फोटोत गाडीच्या तोंडातून लोंबणारी वायर दिसली आणि ती घाबरली, म्हणून नीट लिहिते. इथे गाड्यांना वीज लावतात. विजेवर चालणाऱ्या गाड्या नव्हेत, साध्या पेट्रोलच्या. एवढ्या थंडीत इंजिनातलं ऑइल काकवीसारखं घट्ट होतं आणि बॅटरी मान टाकते, म्हणून इंजिनाला छोटा हीटर बसवलेला असतो आणि बॅटरीला गोधडीसारखं गरम पांघरूण. त्याची वायर पुढच्या जाळीतून बाहेर काढतात आणि टोकाला आपल्या इस्त्रीला असतो तसा प्लग. ऑफिससमोर, दवाखान्यासमोर, दुकानासमोर खांब असतात, त्यांना सॉकेट. गाडी उभी केली की दावणीला बांधल्यासारखी खांबाला जोडायची. निघायच्या आधी दोन-तीन तास वीज चालू राहिली की पुरतं, त्यासाठी घड्याळ लावलेला प्लगही मिळतो. एवढं करून टायर जमिनीला टेकलेल्या बाजूने चपटे गोठतात, आणि पहिली काही मिनिटं गाडी बैलगाडीसारखी धडधडत जाते. वायरचा शॉक लागत नाही, आई. खांबावर त्याची सोय केलेली असते. मी गाडी घेतलेली नाही, पण घरमालकीण बाईंच्या गाडीचा प्लग रात्री मीच लावते.

आता जहाज. बाबा, ते तुमच्याच खात्याचं. 'रेव्हेन्यू कटर' म्हणजे कस्टमची गस्ती नौका. अमेरिका नवी होती तेव्हा तिजोरीत पैसा यायचा तो मुख्यतः आयातीच्या जकातीतून, आणि चोरटा माल तर किनाऱ्या-किनाऱ्याने उतरायचा. म्हणून अलेक्झांडर हॅमिल्टन या पहिल्या अर्थमंत्र्याने 1790 मध्ये दहा नौका मंजूर करून घेतल्या. तीच पुढे रेव्हेन्यू कटर सेवा झाली. ती नौदलाच्या नव्हे, अर्थखात्याच्या ताब्यात होती. आजचं त्यांचं तटरक्षक दल 1915 मध्ये तिच्यात जीवरक्षक सेवा मिळवून झालं.

'बेअर' मात्र मूळचं अमेरिकन नाही. 1874 मध्ये स्कॉटलंडच्या डंडी बंदरात बांधलं, सीलच्या शिकारीसाठी. लांबी 198 फूट, तीन डोलकाठ्या, शिडं आणि वाफेचं इंजिन दोन्ही. ओकच्या सहा-सहा इंच जाड फळ्या आणि बर्फाचं घासणं सोसायला बाहेरून ऑस्ट्रेलियातल्या आयर्नबार्क नावाच्या कठीण लाकडाचं अस्तर. मिऱ्यावर कोणी नवी होडी बांधायला घेतली की तुम्ही तिच्या फळीवर बोटांनी टकटक करून बघायचात. ह्या जहाजाच्या फळीवर तुमचा हात पडायला हवा होता, असं मला फार वाटतं.

1884 मध्ये ग्रीली नावाच्या अधिकाऱ्याची 25 माणसांची तुकडी उत्तर ध्रुवाकडे अडकली होती. त्यांच्या शोधासाठी अमेरिकन नौदलाने हे जहाज विकत घेतलं. शोधणारे त्यांच्या तळावर, केप सबीनला, पोचले तेव्हा सातच जिवंत होते, त्यातला एक वाटेत गेला. पुढच्या वर्षी जहाज कटर सेवेकडे आलं आणि मग चाळीस वर्षं अलास्काच्या किनाऱ्यावर फिरलं. अलास्का रशियाकडून 1867 मध्ये घेतलेला. एवढ्या मोठ्या किनाऱ्यावर ना कोर्ट, ना पोलीस. उन्हाळ्यात बर्फ सुटला की 'बेअर' यायचं तेच सरकार. सीलची चोरटी शिकार अडवायची, दारू उतरवणाऱ्या जहाजांची झडती घ्यायची, टपाल पोचवायचं, शिक्षक आणि न्यायाधीश ने-आण करायचे. डॉक्टर जहाजावर असायचाच.

मी वाचते ती त्याची रोजची वही. दर तासाला वारा कुठून, किती जोराचा, वायुभारमापक किती, हवेचं तापमान, आकाश कसं. आकाशासाठी एकेक अक्षर: निरभ्रला बी, ढगाळला सी, धुक्याला एफ. खाली पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याचा शेरा, बर्फ कुठे लागला, कुठून मागे फिरलो. त्या वेळी ह्या समुद्रात हवामान मोजणारं दुसरं फारसं कोणी नव्हतं, म्हणून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बर्फाची कड उन्हाळ्यात कुठवर असायची हे शोधायला ह्या वह्या लागतात. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्या आहेत, आणि जगभरच्या हौशी माणसांनी फुकट बसून त्यातली कित्येक पानं उतरवून दिली आहेत. ती मूळ वहीतल्या आकड्यांशी ताडून बघायची, चुका काढायच्या, हे माझं काम.

बाबा, तुमचं लाल कापडी पाठीचं रजिस्टर आठवतं. तुम्ही लाँचवर दोन रात्री राहिलात, वादळ होतं, आई खिडकीपाशी बसून होती. आलात आणि म्हणालात, "काही नाही, वारा होता." मग मी चोरून तुमचं रजिस्टर उघडलं होतं. त्यातही तेवढंच होतं. इथे तीच लिपी पुन्हा भेटली. एखाद्या दिवशी माणूस दगावलेला असतो आणि पुढच्याच ओळीत वायुभारमापकाचा आकडा, तितक्याच वळणदार अक्षरात. पहिल्या आठवड्यात मला त्यांचा राग यायचा. आता येत नाही.

जहाजाचा नावाजलेला कप्तान मायकेल हीली, 1886 ते 1895. त्याचा बाप जॉर्जियातला आयरिश जमीनदार, आई गुलाम. तिथला कायदा असा, की आई गुलाम तर मूलही गुलाम. म्हणून आई-बापांनी पोरांना उत्तरेत शाळेला पाठवून दिलं. दोघंही 1850 मध्ये काही महिन्यांच्या अंतराने गेले, तेव्हा मायकेल दहा वर्षांचा होता. एक भाऊ बिशप झाला, एक जॉर्जटाउन विद्यापीठाचा अध्यक्ष, आणि हा शाळेतून पळून जहाजावर चढला. आपली आई कोण होती हे त्याने नोकरीत उघड केलं नाही. अमेरिकन सरकारच्या जहाजावरचा पहिला कृष्णवर्णीय कप्तान म्हणून त्याचं नाव आज घेतात, त्याच्या हयातीत तसं कोणी म्हटलं नाही. दारू आणि कडकपणा ह्यापायी 1896 मध्ये त्याच्यावर खटला चालून जहाज काढून घेतलं, पुढे पद परत मिळालं. माणसांना त्याने कठोर शिक्षा केल्या, ते मला पटत नाही. पण दुसरी गोष्टही त्याचीच आहे.

गोऱ्या शिकाऱ्यांनी देवमासे आणि वॉलरस इतके मारले की किनाऱ्यावरच्या लोकांची उपासमार व्हायला लागली. हीली आणि शेल्डन जॅक्सन नावाचा मिशनरी ह्यांनी ठरवलं, की समोरच्या सैबेरियातून रेनडिअर आणायचे आणि ह्या लोकांना ते पाळायला द्यायचे. सरकार पैसे देईना, तेव्हा जॅक्सनने वर्गणी काढली, दोन हजार डॉलरच्या वर जमले. 1891 मध्ये 'बेअर'वरून पहिले 16 आणले, पुढच्या वर्षी 171 अलास्कातल्या पोर्ट क्लॅरेन्सला उतरवले.

आणि मग 1897. अलास्काच्या अगदी उत्तर टोकाला, पॉइंट बॅरोजवळ, आठ देवमासे-शिकारी जहाजं बर्फात अडकली, त्यांवर अडीचशेहून जास्त माणसं. 'बेअर' नुकतंच उत्तरेतून परतलं होतं, तरी पुन्हा निघालं. हिवाळ्यात समुद्र गोठलेला, तिथवर जहाज जाणं शक्यच नव्हतं. म्हणून 16 डिसेंबरला जार्व्हिस, बर्थॉल्फ आणि डॉक्टर कॉल ह्या तिघांना खूप दक्षिणेला, केप व्हँकुव्हरजवळ उतरवलं. कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन पुढची वाट त्यांनी जमिनीवरून काढायची आणि वाटेत रेनडिअर गोळा करायचे. वाटेत चार्ली अँटिसारलूक ह्या इनुपियाट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, माणसाचा कळप होता. सरकार पुढे परत देईल ह्या शब्दावर जार्व्हिसने त्याच्याकडे कळप मागितला. कळप गेला तर त्याच्या कुटुंबाकडे काय राहणार? तरी चार्लीने दिला. पुढे केप प्रिन्स ऑफ वेल्सला लॉप नावाच्या शिक्षकाने आपला कळप दिला आणि इनुपियाट गुराखी घेऊन तो स्वतः हाकत निघाला. सुमारे 2400 किलोमीटर वाट तुडवून जार्व्हिस आणि कॉल 29 मार्च 1898 ला बॅरोला पोचले. 382 रेनडिअर पोचले. तोवर अडकलेल्यांना जगवलं ते तिथल्याच शिकाऱ्यांनी मारून आणलेल्या मांसावर. तिघा अधिकाऱ्यांना संसदेने सोन्याची पदकं दिली. चार्लीचं नाव मोठ्या अक्षरात कुठे दिसत नाही, ते मला लागतं.

आई, हे तुझ्यासाठी. चार्लीची बायको मेरी. तिचा बाप रशियन व्यापारी, आई इनुपियाट, त्यामुळे तिला भाषा यायच्या. रेनडिअर खरेदीच्या बोलणीसाठी ती दुभाषी म्हणून 'बेअर'वरून सैबेरियाला गेली होती. 1900 च्या साथीत चार्ली गेला. बाईमाणसाच्या नावावर कळप कसा, म्हणून लोक काढून घ्यायला टपले. तिने कळप सोडला नाही. पुढे तिला रेनडिअरची राणी म्हणायचे. मी तिचा फोटो टेबलासमोर लावला आहे.

जहाजाचं पुढचं थोडक्यात. 1926 मध्ये निवृत्त करून कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराला संग्रहालय म्हणून दिलं. अ‍ॅडमिरल बर्ड ह्या ध्रुवप्रवाशाने लिलावात ते 1,050 डॉलरला घेतलं आणि थेट अंटार्क्टिकाला नेलं. दुसऱ्या महायुद्धात ग्रीनलंडजवळ गस्त घातली, तेव्हा वय सत्तरीकडे झुकलेलं. 1963 च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात त्याचं उपाहारगृह करायचं म्हणून ओढून नेत होते. वादळात दोर तुटला आणि ते नोव्हा स्कोशियाच्या दक्षिणेला बुडालं. 2021 मध्ये समुद्रतळाशी ते सापडल्याचं जाहीर झालं. उपाहारगृह होण्यापेक्षा ते बरं झालं, असं तुम्ही म्हणाल, मीही तसंच म्हणते.

आता घरचं. कौलं पावसाच्या आत फिरवून घ्या, वाट बघू नका. पुढच्या आठवड्यात 60 हजार पाठवते आहे, त्यात रिपी आणि सुताराची मजुरी निघेल. बाबांचं कानाचं यंत्र त्यातून धरू नका, त्याचे वेगळे पाठवते. बँकेच्या कर्जाचे माझे अकराच हप्ते उरलेत. कलमं गहाण आहेत ह्याची बोच मला आहे, आई म्हणते तसं मी विसरलेले नाही.

पुण्याच्या स्थळाचा फोटो बघितला. मुलगा चांगला वाटतो. मी नाही म्हणत नाही, पण त्यांना खरं सांगा. खरं असं, की माझं इथलं काम आणखी दोन वर्षं वाढलं आहे. हे मला नोव्हेंबरात कळलं होतं. दर रविवारी सांगायचं ठरवायचे आणि तापमान सांगून फोन ठेवायचे.

आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मला समुद्रावर जायला मिळणार आहे, बर्फ मोजायला. तटरक्षक दलाचं बर्फ फोडणारं जहाज आहे, नाव 'हीली', त्याच कप्तानाचं. जहाज मोठं आहे, पोलादी आहे, डॉक्टर आहे. पण म्हणजे ह्या गणपतीलाही मी नाही. लागोपाठ तिसरं वर्ष. आई, ह्या खेपेला उकडीचे मोदक दादाच्या पोरीला शिकव, माझ्यासाठी थांबू नकोस.

बाबा, तुम्ही मला परत पत्र लिहा. आंब्याला मोहर कसा आहे, गुडघा कसा आहे ते लिहा. "काही नाही, बरं आहे" एवढंच लिहू नका.

दादा-वहिनींना नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुमची लेक

ता. क. वहिनीच्या मामेभावाबरोबर गोडा मसाला पाठवणार असाल तर पाव किलोच पाठवा, आणि त्यावर आईच्या हातची चिठ्ठी असू दे.