सॉकेट बॅलन्स्ड, आतला ॲम्प मात्र नाही : तक्रार आणि पैसे परत मिळण्याची मागणी

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : 'पूर्णतः बॅलन्स्ड' म्हणून विकलेला हेडफोन ॲम्प्लिफायर आतून बॅलन्स्ड नसल्याबद्दल, तसेच माहितीपुस्तिकेतील एक धोकादायक वाक्य मागे घेण्याबाबत.

महोदय / महोदया,

सा. न. वि. वि.

आपल्या कंपनीचा घरी वापरायचा हेडफोन ॲम्प मी दोन महिन्यांपूर्वी घेतला. बिलाची प्रत, अनुक्रमांकाचा फोटो आणि आपल्या कस्टमर केअरशी झालेला सगळा पत्रव्यवहार सोबत जोडला आहे. तीनदा लिहूनही मूळ प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे. ते एखाद्या इंजिनिअरला वाचायला द्यावे, ही पहिली विनंती.

खोक्यावर ठळक अक्षरांत 'पूर्णतः बॅलन्स्ड सर्किट' आणि '२००० मिलिवॉट' असे छापले आहे. समोर तीन सॉकेट आहेत : ६.३५ मिलिमीटरचे नेहमीचे, ४.४ मिलिमीटरचे आणि ४ पिनांचे एक्सएलआर (मोठे, गोल). यातल्या शेवटच्या दोन सॉकेटांच्या मागे बॅलन्स्ड सर्किट, म्हणजे प्रत्येक कानाला दोन ॲम्प, नाहीच. साध्या सॉकेटवर जे येते तेच तिथे वेगळ्या आकाराच्या भोकांतून बाहेर येते. माझी तक्रार ही आहे आणि ती मी मोजून करत आहे.

मी हा ॲम्प का निवडला ते आधी सांगते, नाहीतर 'ग्राहकाला भलतीच अपेक्षा होती' असे उत्तर येईल. माझा हेडफोन ३०० ओहमचा, म्हणजे जास्त विद्युत अडथळ्याचा आहे. अशा हेडफोनला करंट फारसा लागत नाही, व्होल्टेज लागते. आधी मी फोनला लावायच्या छोट्या डॅकवर (डिजिटल सिग्नलचा ध्वनी-सिग्नल करणाऱ्या यंत्रावर) ऐकत असे. तो जेमतेम १ व्होल्ट देतो. साध्या गाण्यांना तेवढे पुरते. पण वाद्यवृंदाची जी ध्वनिमुद्रणे बराच वेळ हळू चालतात आणि मग एकदम उसळतात, त्यांत आवाज शेवटच्या टोकाला नेऊनही जीव कमी पडायचा. बॅलन्स्ड ॲम्पमध्ये प्रत्येक कानासाठी दोन ॲम्प असतात. एक सिग्नल सरळ देतो, दुसरा तोच उलटा करून देतो, आणि हेडफोनची कॉइल त्या दोघांच्या मध्ये जोडलेली असते. त्यामुळे तेवढ्याच पुरवठ्यावर दुप्पट व्होल्टेज मिळते. दोन्ही कानांच्या परतीच्या वायरी वेगळ्या राहतात, हा दुसरा फायदा. याची किंमतही मोजावी लागते, हे मला ठाऊक होते : करंट दोन ॲम्पांमधून जात असल्याने आउटपुट इम्पिडन्स (ॲम्पचा स्वतःचा आतला अडथळा) दुप्पट होतो, आणि सर्किटचा स्वतःचा आवाजही थोडा वाढतो. ३०० ओहमच्या हेडफोनला या दोन्हींनी काही बिघडत नाही. म्हणजे माझ्यासाठी व्यवहार फायद्याचा होता.

घरी ऐकणाऱ्या बहुतेकांना बॅलन्स्डची गरजच नसते, हेही मला मान्य आहे. मायक्रोफोनच्या लांब केबलमध्ये बाहेरून शिरणारी गुणगुण बॅलन्स्ड जोडणीने छाटली जाते. हेडफोनच्या दीड-दोन मीटर केबलमध्ये सिग्नल मुळातच इतका मोठा असतो की तो प्रश्न येत नाही. एखादा चांगला साधा ॲम्प मला चालला असता. मी बॅलन्स्ड घेतला तो फक्त व्होल्टेजसाठी, आणि नेमके तेच तुम्ही दिलेले नाही.

ॲम्पसोबत मी चार वायरींची बॅलन्स्ड केबलही घेतली. माझ्या हेडफोनला दोन्ही बाजूंनी निघणारे प्लग आहेत म्हणून ते जमले. एकाच बाजूने केबल जाणारे आणि आत तीनच वायरी असलेले हेडफोन कापून नव्याने जोडावे लागतात. तुमच्या खोक्यावर विसंबून कोणी तेही केले असेल, या विचाराने मला जास्त वाईट वाटते.

पहिल्याच संध्याकाळी शंका आली. साध्या केबलने ६.३५ च्या सॉकेटवर ऐकले, मग केबल बदलून एक्सएलआरवर. आवाजाचा नॉब हलवला नाही, गेनही (सिग्नल किती पट वाढवायचा ते) तोच. आवाजात तसूभरही फरक पडला नाही. व्होल्टेज दुप्पट होणे म्हणजे ६ डेसिबलची वाढ. एवढा फरक ओळखायला तयार कान लागत नाहीत, शेजारच्या खोलीतून हाक मारणारा माणूस दारात येऊन बोलू लागला तर जसे जाणवेल तसे ते जाणवते. धाकट्या बहिणीला प्लग बदलायला सांगून मी पाठ करून बसले. कोणता प्लग लावला आहे हे मला एकदाही खात्रीने सांगता आले नाही.

कस्टमर केअरचे पहिले उत्तर होते की ॲम्प २०० तास चालू द्या, मग आवाज 'उघडेल'. व्होल्टेज दुप्पट व्हायला तास लागत नाहीत, ते पहिल्या सेकंदाला असते किंवा नसते. दुसरे उत्तर, गेन वाढवा. गेन दोन्ही सॉकेटांना सारखाच लागू होतो, त्यामुळे तुलनेत काहीच बदलत नाही. तिसरे उत्तर आले तेव्हा मात्र मी थबकले. त्यात लिहिले होते, 'आमचे उत्पादन बॅलन्स्ड केबलशी सुसंगत आहे.' खोक्यावर 'केबलशी सुसंगत' असे कुठेही लिहिलेले नाही. तिथे 'सर्किट' हा शब्द आहे.

मग मी माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. अकराव्या पानावर हे वाक्य आहे : 'बॅलन्स्ड सॉकेटला ॲडॉप्टर लावून कोणताही साधा हेडफोनही वापरता येईल.' खऱ्या बॅलन्स्ड ॲम्पचा निर्माता हे वाक्य कधीच लिहिणार नाही. साध्या हेडफोनच्या प्लगमध्ये डाव्या आणि उजव्या कानाची परतीची वायर एकच असते. बॅलन्स्ड सॉकेटवर ॲडॉप्टरने असा प्लग लावला, की डाव्या बाजूचा उलटा ॲम्प आणि उजव्या बाजूचा उलटा ॲम्प यांची तोंडे थेट एकमेकांना जुळतात. दोन ॲम्प एकमेकांशी झुंजतात, गरम होतात, संरक्षण नसेल तर जळतातही. म्हणजे हे वाक्य लिहिणाऱ्याला एकतर बॅलन्स्ड म्हणजे काय हे माहीत नव्हते, किंवा तुमच्या ॲम्पमध्ये त्या दोन वायरी आतच जोडलेल्या आहेत हे त्याला पक्के माहीत होते.

ते तपासणे अवघड नव्हते. एका ४ पिनांच्या एक्सएलआर प्लगला मी चार रंगांच्या चार आखूड वायरी डकवल्या : पिन १ डावा सरळ, २ डावा उलटा, ३ उजवा सरळ, ४ उजवा उलटा. टोके एकमेकांना लागू नयेत म्हणून प्रत्येकावर चिकटपट्टी, फक्त नखाएवढे तांबे उघडे. ॲम्प बंद केला, भिंतीतला प्लगही काढला, थोडा वेळ थांबले. मल्टिमीटर बीपवर ठेवून (दोन जागा आतून जोडलेल्या असल्या की तो वाजतो) एक टोक पिन २ ला आणि दुसरे पिन ४ ला लावले. बीप. पिन २ आणि ६.३५ च्या सॉकेटचा ग्राउंड (दोन्ही कानांची सामाईक परतीची बाजू) : पुन्हा बीप. पिन १ आणि ग्राउंड : काही नाही. तुम्ही म्हणाल, ॲम्प बंद असताना म्यूटचा रिले (आवाज बंद ठेवणारा आतला स्विच) आउटपुट ग्राउंडला जोडतो. तसे असते तर पिन १ लाही बीप यायला हवा होता.

तरीही चालू ॲम्पवर मोजल्याशिवाय मी आरोप करणार नव्हते. दुसऱ्या, मोठ्या डॅकच्या बॅलन्स्ड आउटपुटवरून, ३ पिनांच्या एक्सएलआर केबलनेच सिग्नल दिला, म्हणजे इनपुटला दोष देता येऊ नये. टोन १०० हर्ट्झचा घेतला, कारण साधे मल्टिमीटर वरच्या सुरांवर चुकीचे आकडे दाखवतात. कुठलाही हेडफोन जोडलेला नव्हता. ६.३५ च्या सॉकेटवर १.०१ व्होल्ट येईल असा नॉब ठेवला आणि तो पुन्हा हलवला नाही. एक्सएलआरच्या पिन १ आणि २ मध्ये १.०१ व्होल्ट. पिन २ आणि ग्राउंडमध्ये ०.०० व्होल्ट. खऱ्या बॅलन्स्ड सर्किटमध्ये पिन २ वर ग्राउंडच्या तुलनेत तेवढाच, पण उलटा सिग्नल असता, आणि १ व २ मध्ये साधारण २.०२ व्होल्ट दिसले असते. उजव्या बाजूलाही हेच घडले. ४.४ च्या सॉकेटवर प्लगच्या टोकापासून मोजत गेले तरी हेच. मीटरच्या पडद्याचे फोटो जोडले आहेत. नॉबची खूण प्रत्येक फोटोत दिसावी म्हणून ॲम्पचा पुढचा भाग मुद्दाम चौकटीत घेतला आहे.

आता तुमच्या २००० मिलिवॉटबद्दल. किती ओहमवर, किती विकृतीपर्यंत आणि कोणत्या सॉकेटवर, यातले काहीही खोक्यावर नाही. त्यामुळे तुम्हाला सर्वांत सोयीचे गृहीत धरते : बॅलन्स्ड सॉकेट, ३२ ओहम. ३२ ओहममध्ये २ वॉट म्हणजे ८ व्होल्ट आणि २५० मिलिअँपिअर. हाय गेनवर नॉब पूर्ण फिरवून, काहीही जोडलेले नसताना, म्हणजे ॲम्पला सर्वांत सोप्या परिस्थितीत, मला तिन्ही सॉकेटांवर ४.० व्होल्ट मिळाले. त्याच्या वर आकडा जात नाही. ४ व्होल्टवर ३२ ओहममध्ये फार तर ५०० मिलिवॉट निघतात, म्हणजे दाव्याच्या एक चतुर्थांश. व्होल्टेज निम्मे झाले की पॉवर पाव होते, त्यामुळे ही तफावत कशी आली असेल याचा मला अंदाज आहे : आतला एक ॲम्प मोजला आणि खोक्यावर दोन धरून हिशेब छापला. माझ्या ३०० ओहमच्या हेडफोनला ८ व्होल्टवर २१३ मिलिवॉट मिळायला हवे होते, मिळतात ५३.

साध्या सर्किटवर ४.४ किंवा एक्सएलआरचे सॉकेट बसवणे यात मुळात काही गैर नाही. ज्याची केबल आधीच त्या प्लगची आहे त्याला ती सोयच आहे, फक्त तसे स्पष्ट लिहायला हवे. 'सोयीसाठी दिलेले सॉकेट, सर्किट बॅलन्स्ड नाही' एवढी एक ओळ असती, तर मी दुसरा ॲम्प घेतला असता आणि हे पत्र लिहायची वेळ आली नसती. ५३ मिलिवॉट म्हणजे वाईट ॲम्प असेही नाही. आवाज स्वच्छ आहे, बांधणी चांगली आहे, नॉब हाताला सुखद लागतो. म्हणूनच वाटते, की ज्यांनी हा बनवला त्यांना त्यावर खोटे लेबल लावायची गरज नव्हती.

आणखी एक दोष आहे, तो दुय्यम असला तरी नोंदवते. बहिणीच्या कानात घालायच्या संवेदनशील इअरफोनवर सतत बारीक सूं ऐकू येते. नॉब शून्यावर आणला तरी ती तशीच राहते, म्हणजे ती नॉबच्या पुढच्या टप्प्यातून येते. खोक्यावर लिहिले आहे : 'इअरफोनसाठीही शांत.' १ व्होल्टला १२० डेसिबल देणाऱ्या इअरफोनवर अवघे १० मायक्रोव्होल्टसुद्धा २० डेसिबल होतात, आणि रात्रीच्या शांत खोलीत ते ऐकू येतात. आउटपुटवरचा नॉइज किती मायक्रोव्होल्ट आहे, हा आकडा मला लेखी कळवावा.

माझ्या मागण्या अशा. ॲम्पचे आणि केवळ तुमच्या दाव्यावर विसंबून घेतलेल्या बॅलन्स्ड केबलचे पूर्ण पैसे परत द्यावेत; ॲम्प नेण्याची व्यवस्था तुम्ही करावी. बदली म्हणून याच मॉडेलचा दुसरा नग मला नको, कारण हा माझ्या एका नगातला बिघाड नाही, रचनाच अशी आहे. माझे म्हणणे चुकीचे असेल तर आउटपुटच्या टप्प्याचा ब्लॉक डायग्राम पाठवावा. त्यात प्रत्येक कानाला दोन ॲम्प दिसले, तर मी हे पत्र मागे घेऊन तसे तुम्हाला लेखी कळवीन.

अकराव्या पानावरच्या वाक्याबद्दल मात्र माझ्या पैशांचा निकाल लागेपर्यंत थांबू नये. तुमच्या या मॉडेलवर ॲडॉप्टर लावल्याने काही जळणार नाही, हे मला आता कळले आहे. पण हे वाक्य वाचून ज्याला सवय लागेल, तो उद्या दुसऱ्या कुठल्याही खऱ्या बॅलन्स्ड ॲम्पवर तेच करील आणि त्याचे यंत्र जाईल. उलट दिशेचे ॲडॉप्टर, म्हणजे बॅलन्स्ड केबलचा हेडफोन साध्या सॉकेटला लावणे, पूर्ण सुरक्षित असते. हा फरक पुस्तिकेत स्पष्ट लिहावा, आणि ज्यांनी हा ॲम्प नोंदवला आहे त्या सगळ्यांना ई-मेलने कळवावे. तुमच्याकडे त्यांचे पत्ते आहेत, कारण वॉरंटीसाठी ते तुम्हीच भरून घेतले आहेत.

१५ दिवसांत लेखी उत्तराची अपेक्षा करते. उत्तर आले नाही, किंवा पुन्हा तास मोजायला सांगणारे आले, तर हेच पत्र आणि हेच फोटो घेऊन ग्राहक तक्रारीचे जे कायदेशीर मार्ग मला खुले आहेत त्या मार्गाने पुढे जाईन. तोवर ॲम्प मूळ खोक्यात, ॲम्पवरचे सील न तोडता, सर्व सुट्या भागांसह ठेवला आहे. चार वायरी डकवलेला एक्सएलआर प्लगही त्याच खोक्यात ठेवत आहे, तुमच्या इंजिनिअरला मोजणी करून पाहायची असेल तर तो कामाला येईल.

कळावे,

आपली ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, अनुक्रमांकाचा फोटो, मोजणीचे फोटो, माहितीपुस्तिकेच्या अकराव्या पानाची प्रत, कस्टमर केअरची तीन उत्तरे.