पहिल्या अकरांवर किती भांडायचं, बेंचवरच्या पोरांचं बोला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रोज सकाळी फिरून झालं की शंकर नगर चौकात आम्ही सात-आठ जण तर्री पोहे खायला थांबतो आणि गेला महिनाभर तिथे दुसरा विषयच नाही, ऑगस्टातला हॉकी वर्ल्ड कप आपण मारतो का नाही. अर्धे म्हणतात यंदा पक्का, ऑलिम्पिकमध्ये टोकियोला ब्राँझ, पॅरिसला ब्राँझ, राजगीरला कोरियाला 4-1 नं हरवून आशिया कप, अजून काय पाहिजे. बाकीचे म्हणतात पहिले अकरा भारी आहेत पण त्यातला एक जरी पडला तर त्याच्या जागी कोण? मी या दुसऱ्या बाजूचा. पेपरात पण बघतो तर डिफेंडर हरमनप्रीत सिंग आणि मिडफिल्डर हार्दिक सिंग यांच्यापुढे चर्चा जातच नाही, म्हणून हे पत्र लिहून राहिलो.

2023 चंच बघा ना. वर्ल्ड कप आपल्या घरी, ओडिशात. राउरकेलाला पहिल्याच मॅचमध्ये स्पेनला 2-0 हरवलं, त्यात हार्दिक सिंगनं एकट्यानं बॉल नेऊन जो गोल केला तो आजही डोळ्यासमोर आहे. पुढच्याच इंग्लंडच्या मॅचमध्ये त्याचं हॅमस्ट्रिंग गेलं, स्पर्धा संपली त्याची. राजकुमार पालला घेतलं, त्या पोराचा काही दोष नाही, पण हार्दिकची जागा ऐन स्पर्धेत कुणाला भरता येते का? न्यूझीलंडविरुद्ध 3-1 पुढे असून 3-3 झालं आणि शूटआऊटमध्ये हरलो, क्वार्टर फायनलसुद्धा नाही. कोच ग्रॅहम रीडनं राजीनामा दिला. तेव्हा सगळे कोचवर तुटून पडले, पण मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं की हार्दिकसारखा दुसरा तयार नव्हता हे खरं दुखणं होतं.

ज्यांनी आता आता हॉकी बघायला घेतली त्यांच्यासाठी सांगतो, हा क्रिकेटसारखा खेळ नाही की अकरा उतरले की दिवसभर तेच. इथे कितीही वेळा खेळाडू बदलता येतो, फॉरवर्ड पाच-सात मिनिटं जीव तोडून पळतो, बाहेर येतो, पाणी पितो, दुसरा आत. पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर, त्यातल्या चौथ्यात ज्याच्या बेंचवर ताजे पाय तो जिंकतो. 2025 च्या जूनमध्ये युरोपात प्रो लीगच्या (जगातल्या वरच्या टीमांची दरवर्षीची लीग) सलग सात मॅच हरलो आपण, बहुतेक एकेका गोलानं. ते बघताना रात्री झोप लागत नव्हती कारण टीम वाईट खेळत नव्हती, शेवटी दमत होती.

आणि पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलजवळ समोरच्यानं फाऊल केला की गोल मारायची जी खास संधी मिळते ती, हा तर माझा सगळ्यात मोठा घोर आहे. पॅरिसला आपण सगळे मिळून 15 गोल केले त्यातले 10 एकट्या हरमनप्रीतचे. मित्र हे अभिमानानं सांगतात, अभिमान मलाही आहे, पण मला त्यात भीती पण दिसते. समोरच्या टीमला माहीतच आहे की बॉल त्याच्याकडेच येणार. टोकियोला तो आणि रुपिंदर पाल सिंग असे दोघं होते, जर्मनीला 5-4 हरवलं त्या मॅचमध्ये दोघांचाही एकेक गोल आहे. रुपिंदर त्याच वर्षी रिटायर झाला. मग पेनल्टी कॉर्नर मारायला दुसरा म्हणून अमित रोहिदास उरतो, ज्याला पॅरिसला ब्रिटनविरुद्ध 17 व्या मिनिटाला रेड कार्ड मिळालं. दहा जणांनी ती मॅच कशी काढली ते सगळ्यांनी बघितलं, पण त्या कार्डामुळे सेमीफायनलला तो नाही म्हणजे समोरच्यांच्या पेनल्टी कॉर्नरवर सगळ्यात आधी अंगावर धावून जाणारा नाही, आणि जर्मनीनं 3-2 नं घालवलं आपल्याला.

उलट बेंचवर भरवसा टाकला तेव्हा काय झालं ते पण बघा. सिमरनजीत सिंग टोकियोला आधी राखीवमध्ये होता, कोरोनामुळे नियम बदलला म्हणून त्याला संधी मिळाली आणि ब्राँझच्या मॅचमध्ये त्यानंच दोन गोल मारले. जुगराज सिंग पॅरिसला राखीव, पुढच्याच महिन्यात चीनमध्ये एशियन चॅम्पियन्स ट्रॉफीच्या फायनलचा एकमेव गोल त्याचा. आपण वर्ल्ड कप एकदाच जिंकलो, 1975 ला क्वालालंपूरला, त्यातही सेमीफायनलला मलेशियाच्या मागे असताना शेवटच्या मिनिटांत बेंचवरून आलेल्या भोपाळच्या अस्लम शेर खाननं पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी केली म्हणून फायनल दिसली. आणि आपल्या विदर्भाचं सांगायचं तर 2017 ला ढाक्याच्या आशिया कपला नेहमीचा गोलकीपर श्रीजेश गुडघ्यामुळे घरी होता तेव्हा गोलात उभा होता यवतमाळचा आकाश चिकटे, त्याच्या जोडीला मुंबईचा सूरज करकेरा, आणि कप आपण आणला. पोहे खाणाऱ्या आमच्या ग्रुपमधल्या दोघांना हे माहीत नव्हतं याचं मला फार वाईट वाटलं.

यंदा तर अजून अवघड. वर्ल्ड कप नेदरलँड्स-बेल्जियमला 30 ऑगस्टला संपतो आणि 19 सप्टेंबरपासून जपानमध्ये एशियन गेम्स, तिथल्या गोल्डवर 2028 च्या ऑलिम्पिकचं थेट तिकीट आहे. त्याच अठरा-वीस जणांना दोन्हीकडे पिळणार का? ज्युनियर टीमनं डिसेंबरात चेन्नईला अर्जेंटिनाविरुद्ध 0-2 मागून येऊन 4-2 नं ब्राँझ घेतलं, श्रीजेशच्या हाताखालची पोट्टे आहेत ती, त्यातल्या दोघा-तिघांना आत्ताच सीनियरांबरोबर खेळवा, हरलो तरी चालेल, पण प्रो लीगमध्ये खेळवा. ऑगस्टात एकदम उतरवून काही होत नाही.

वर्ल्ड कप जिंकू का म्हणाल तर सेमीफायनल नक्की, त्यापुढे मला दुसरा ड्रॅग फ्लिकर (पेनल्टी कॉर्नरवर बॉल स्टिकनं ओढत गोलात फेकणारा) दिसल्याशिवाय छातीठोक सांगता येत नाही.

तुम्हाला एकच विनंती, टीम जाहीर होईल तेव्हा फक्त कॅप्टनचा फोटो छापू नका, राखीवसकट सगळी नावं, कोण कुठे खेळतो, आधी किती मॅच खेळला ते पण छापा. आम्ही ते कापून पोह्याच्या ठेल्यावर लावू.

आपला,
एक हॉकीप्रेमी वाचक, धरमपेठ, नागपूर